मोकाट

केसपेपर लिहिणाऱ्यानं मान वर न करता विचारलं, "कुत्रं पाळीव का मोकाट?" पोराच्या आईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "मोकाट."

त्या शब्दानं सुटलो, असं तेव्हा वाटलं. आता रात्री गोठ्याकडं शेरू भुंकला की तोच शब्द ऐकू येतो.

आमची टेंभुर्णी सोलापूरकडची नव्हे, जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. कापसाची वेचणी चालू होती. वेचायला आलेल्या बाईचं सात वर्षांचं पोरगं गोठ्याच्या सावलीला खेळत होतं. शेरू भाकरी खात होता, पोरानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मनगटाच्या वर दोन दात खोल रुतले. साखळी खुंटीला होती, कुत्रं नव्हतं. बांधलेलं कुत्रं काय राखण करणार, हे माझं नेहमीचं उत्तर.

हरभऱ्याला पाणी चालू होतं. दहा पावलांवर पाइपातून धार पडत होती. त्या धारेखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, तेवढ्यानंही बराचसा विषाणू नसांत शिरायच्या आधी वाहून जातो. मी म्हणालो, "तिखट भरा." ती किंकाळी कुत्र्यामुळं नव्हती, माझ्यामुळं होती.

दवाखान्यात जखम नीट धुतली, रक्त आलेलं म्हणून जखमेतच सीरम सोडलं, दंडांवर लस टोचली. पुढं तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. पोटातली चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झालीत, पण आमच्या पिढीच्या मनातून ती गेलेली नाहीत.

खोटं बोलून मी नेमकं काय केलं, हे कळायला थोडे दिवस गेले. पाळलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवता येतं. ते धडधाकट राहिलं तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असं डॉक्टर सांगू शकतात. मोकाट म्हटल्यावर तो विषयच निघाला नाही. मी मात्र घरी येऊन गुपचूप शेरूला साखळी घातली आणि दिवस मोजले. अकराव्या सकाळी त्यानं भाकरी खाल्ली नि माझा जीव भांड्यात पडला. तिचा कसा पडणार? तिला त्या दहा दिवसांचा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता.

2022 साली लम्पी आली तेव्हा बैलांच्या लसीसाठी मी सकाळपासून ताटकळलो होतो. शेरू पायाशीच बसलेला. त्यालाही वर्षाला एक सुई लागते हे मला ठाऊक होतं. बैलांना बाजारात भाव असतो, शेरूला कोण विचारतं? हिशेब एवढाच होता.

कायदाही नंतर वाचला, तोसुद्धा आपण कितीत सापडतो हे बघायला. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 : आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी बाईच्या हातावर 500 ठेवले होते. लस सरकारी, फुकट. मग ते पैसे कशाचे? तिनं बोलू नये याचे. तिचे चार दिवस बुडाले, त्याचं काय? वेचणी किलोवर, तेव्हा मजुरी कापायचा प्रश्नच नाही, असं मी स्वतःला समजावलं.

6 जुलै 1885 ला पाश्चरनं पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस दिली, हे शाळेत शिकलो होतो. त्या मुलाच्या आईबरोबर कुत्र्याचा मालकही पॅरिसला गेला होता, हे अलीकडं वाचलं. थिओडोर वोन, किराणा दुकानदार. त्याच कुत्र्यानं त्यालाही धरलं होतं, पण दात सदऱ्याच्या आत गेले नव्हते. कुत्रं त्याचंच होतं, हे पाश्चरनं नोंदवून ठेवलंय. म्हणजे विचारल्यावर त्यानं तसं सांगितलं असणार.

अठ्ठाविसाव्या दिवशी मायलेकरांना मीच मोटारसायकलवर घेऊन गेलो. लस झाली. सिस्टर म्हणाल्या, "काही विचारायचंय का, काका?" सांगायचं होतं. मागं रांग होती, आणि बाई पुन्हा माझ्याकडं बघत होती.

"नाही," म्हणालो.

बाहेर आल्यावर तिनं केसपेपर घडी करून पिशवीत ठेवला. "भाऊ, कुत्रं बांधत जा," एवढंच बोलली. शेरूला आता लस दिलीय, दिवसा साखळी असते. पोरगं तरी गोठ्याकडून येत नाही, लांबच्या बांधानं जातं. केसपेपरवर अजून मोकाटच आहे.