बोर्डावर कोण राहतं?

बहिणीकडे सॅन होजेला गेलो की रात्री जेवणानंतर ‘पार्क्स’ मांडला जातो. २०१९ साली आलेला बोर्ड गेम. आपले दोन हायकर पायवाटेवरून चालवायचे, ऊन, पाणी, जंगल, डोंगर यांची टोकन्स गोळा करायची आणि ती भरून अमेरिकेतल्या एखाद्या नॅशनल पार्कचं कार्ड घ्यायचं. चित्रं इतकी देखणी की हरलो तरी राग येत नाही. (खोटं. येतो.)

परवा मी योसेमिटी घेतलं. नऊ वर्षांची भाची कार्ड निरखत म्हणाली, “मामा, इथे कोण राहतं?”

राहायचे. १८५१ मध्ये एका सशस्त्र तुकडीने त्या दरीतल्या अहवाहनीची लोकांना हुसकावलं. १८९० मध्ये पार्क झालं. परत आलेल्यांची दरीतली शेवटची वस्तीही १९६९ पर्यंत संपवली गेली.

मी बोरिवलीचा. आमच्या नॅशनल पार्कातले आदिवासी पाडे लहानपणापासून पाहिलेत, आणि ‘अतिक्रमण’ हा शब्द त्यांच्याबद्दलच पहिल्यांदा ऐकला. तेव्हा मी काही विचारलं नव्हतं.

खेळ आहे गं, म्हणून सोडून देता आलं असतं. पण ‘व्यापार’ खेळताना मुंबई आम्हाला कधी रिकामी वाटली नाही, कारण मुंबई आम्हाला माहीत होती. योसेमिटी तिने पाहिलेलंच नाही. तिच्यासाठी ते या कार्डाएवढंच.

मग जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. ती गप्प. मलाच कसंतरी झालं आणि मी कार्ड परत ठेवायला गेलो.

“असं नाही चालत, मामा. एकदा घेतलं की घेतलं.”