टोपीशिवाय सलाम नाही

यशवंतपूर हे नाव ऐकलं की सातारा-सांगलीकडचं एखादं गाव डोळ्यांसमोर येतं. आहे मात्र बेंगळुरूत. मिरजेकडे जाणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री इथं थांबते, आणि तिच्या वेळेला फलाटावर मराठी, कन्नड आणि बेळगावची ती दोन्हींची मिसळ अशा तिन्ही बोली कानावर येतात. जानेवारीतली रात्र होती, गाडीला उशीर होता. माझ्या बाकाखाली एक काळी पत्र्याची पेटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं नाव घासून घासून निम्मं उरलेलं. मालक सत्तरीचे. शहरातल्याच पीण्या भागात मुलाकडे आले होते, आता परत गावी निघाले होते. कानटोपी गुडघ्यावर घडी घालून ठेवलेली, आणि पाठ बाकाला टेकलेली नाही.

मेहुणीला गाडीत बसवून द्यायला आलेले एक गृहस्थ पेटीपाशी थबकले. स्कूटरचं हेल्मेट कोपरात अडकवलेलं. त्यांनी माणसाकडे पाहिलंच नाही, पेटीकडे पाहून विचारलं,

"सेंटर कुठलं?"

"बेळगाव."

"म्हणजे गणपत!"

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर, आणि तिच्या जवानाला फौजेत गणपत म्हणतात. मी असं म्हटलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. पेटीवाल्यांनी फक्त समोरच्याला बुटांपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आणि तुमी?"

"एअरफोर्स. रेडिओ फिटर. ट्रेनिंग इथंच, जलहळ्ळीला. सार्जंट होऊन सुटलो."

"तरीच म्हटलं, कपड्याला एक सुरकुती न्हाई."

एवढ्यावर ओळख झाली. नाव कुणी कुणाला विचारलं नाही. पुढचा तासभर दोघांनी एकमेकांची जी काही काढली, ती ऐकून मेहुणीबाईंना वाटलं भांडणच लागलं. त्या दोनदा "जाऊ दे हो भाऊजी" म्हणाल्या.

पहिला वाद वयाचा. पेटीवाले हवालदार होऊन सुटलेले. त्यांची रेजिमेंट 1768ची, हवाई दल 1932चं. "एकशे चौसष्ट वर्षांनी धाकटे तुमी," हवालदार म्हणाले, आणि त्याच ओघात, काही कारण नसताना, या शहरातल्या अलसूरच्या मद्रास सॅपर्सनाही हाणून घेतलं: "ते बी 1780चे. बारा वर्षांनी मागं." सार्जंट शांतपणे म्हणाले, "म्हणूनच आमचे गुडघे अजून शाबूत आहेत."

मग जलहळ्ळीचा विषय निघाला. दुसऱ्या महायुद्धात तिथं इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती, आणि तिथल्या जुन्या बराकी त्यांच्याच हातच्या, असं सार्जंट मोठ्या कौतुकानं सांगत होते. हवालदारांना आयतंच सापडलं. "ते कैदी धाडले कुणी? 1941ला केरनच्या डोंगरावर इटालियन कुणी धरले? आमी. म्हणजे तुमची बराक आमीच बांधून दिली म्हणा की." हे गणित थोडं सैल आहे. केरन इरिट्रियात, तिथं मराठ्यांच्या पलटणी लढल्या हे खरं, पण इटालियन कैदी उत्तर आफ्रिकेतही हजारोंनी धरले गेले होते आणि धरणारे काही एकटे मराठे नव्हते. सार्जंटना हे ठाऊक असावं. ते एवढंच म्हणाले, "भाडं पाठवून देतो."

मला त्या 'आमी'ची गंमत वाटली. 1941 साली हवालदार जन्मालाही आले नव्हते. तरी केरन त्यांचं, आणि 1944 साली इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून तिथंच पडलेले नाईक यशवंत घाडगेही त्यांचे. मात्र स्वतः कुठं होते, काय केलं, हे विचारल्यावर "होतो तिकडं, वर" एवढंच. सार्जंटांचंही तसंच. तासाभरात दोघांच्या तोंडून 'मी' किती वेळा आलं ते मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. आपल्याकडे चारचौघांत स्वतःची कर्तबगारी सांगणं बरं दिसत नाही, पण घराण्याची सांगितली तर चालतं. गवयीसुद्धा आपल्या गळ्याबद्दल बोलत नाही, घराण्याबद्दल मात्र हिरिरीनं भांडतो. या दोघांचीही ती सोय असावी. भाऊबंदकीच म्हणायची, फक्त मधे शेताचा बांध नाही.

खरा रंग चढला तो टांगाईलवर. 11 डिसेंबर 1971ला, बांगलादेशच्या युद्धात, तिथं हवाई दलाच्या विमानांतून छत्रीनं उतरलेली 2 पॅरा ही पलटण मुळात मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन. दोघंही तेव्हा शाळकरी पोरं. हवालदारांनी ती हकिकत उस्तादांकडून ऐकलेली, सार्जंटांनी कुठल्याशा मेसमध्ये. पण वाद असा, जणू दोघं परवाच तिकडून आलेत.

"पोचवलं कुणी?"

"दारापर्यंत तुमी. पुढं आमचं आमी."

"दार उघडलं म्हणून तर."

"उघडलं ते उघडलं, पर सामान तळ्यात टाकलं की!"

तळ्यात पडलेल्या सामानावर सार्जंटांकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यापुरते ते चहा आणायला गेले.

चहा घेताना मी विचारलं, तिन्ही दलांचे सलाम वेगळे का असतात? दोघांनी कागदी कप खाली ठेवले. पायदळाचा तळवा समोर, उघडा. नौदलाचा तळवा जमिनीकडे. डांबर-ग्रीसनं माखलेला हात अफसराला दिसू नये म्हणून, असं सांगतात. हवाई दलाचा सलाम पायदळासारखाच होता, 2006पासून तळवा जमिनीशी 45 अंशांत तिरका झाला. विमान वर झेपावतं, त्याची ती खूण. "म्हणजे इतकी वर्षं आमचाच वापरला," हवालदार म्हणाले, "आणि मग वाकडा करून टाकला." सार्जंट 2006च्या कितीतरी आधी सुटलेले, त्यामुळे तो तिरका सलाम त्यांनी नोकरीत एकदाही ठोकलेला नव्हता. तरी त्यांनी त्याची बाजू जीव तोडून लढवली.

मी म्हटलं, करून दाखवा की एकदा. हवालदारांचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. "टोपीशिवाय सलाम न्हाई." सार्जंटांनी मान डोलावली. "आणि हवालदार-सार्जंट एका पायरीवरचे. आपसांत सलाम नसतोच, तो अफसराला." या मुद्द्यावर मात्र दोघांचं चटकन एकमत झालं.

एव्हाना मलाही चेव आला होता. गड्यांत आपणही भिडू आहोत असं वाटायला लागलं होतं. मी म्हणालो, "खरंय हवालदारसाहेब, एअरफोर्सवाल्यांचं काय, एसीत बसून बटणं दाबायची."

कुणी हसलं नाही. हवालदारांनी उरलेला चहा संपवला, कप चुरगळून मुठीत धरला. मग म्हणाले, "ग्लेशियरवर असताना आठ-आठ दिवस हवा खराब असायची. मग एके सकाळी लांबून पंख्याचा आवाज यायचा. रॉकेल त्यातनं यायचं, चिठ्ठ्या त्यातनं यायच्या. ज्याचं बोट गेलंय, पाय काळा पडलाय, तो त्यातनंच खाली जायचा." थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "त्यात एसी नसतंय."

तासभर मी ज्यांची भांडणं ऐकत होतो, ते दोघं आता एका बाजूला होते आणि दुसऱ्या बाजूला मी एकटा. हे मला आधीच कळायला हवं होतं. एका पलटणीत एक कंपनी दुसरीला नावं ठेवते, पलटणीबाहेर पडलं की एक पलटण दुसरीला, आणि पुढं खुष्कीवाला हवाईवाल्याला. सिव्हिलियन जवळ आला की ती सगळी कुंपणं आत ओढून घेतली जातात. घरातल्या थट्टेत पाव्हण्यानं भर घालायची नसते, एवढं साधं आहे. सार्जंटांनीच मला सोडवलं. "बटणं दाबायचो, हेही खरंच आहे म्हणा," ते म्हणाले, आणि हवालदार, "मग! तेच म्हटलं मी," म्हणून पुन्हा सुरू झाले. आता मात्र 'तुमी'चं 'तू' झालं होतं.

गाडी आली. पेटी मी उचलायला गेलो, तर एका कडीला सार्जंटांनी आधीच हात घातला होता. "सोड, सुरकुती पडंल," हवालदार म्हणाले, पण दोघांनी मिळूनच ती आत नेली. मेहुणीबाईंना खिडकी मिळाली. सार्जंट खाली उतरले, तरी गाडी दोन-तीन मिनिटं हललीच नाही. हवालदार दारात उभे होते. बोलण्यासारखं काही उरलं नसावं. मोबाइल नंबर दिले-घेतलेले मी पाहिले नाहीत.

गाडीला झटका बसला. हवालदारांनी खिशातून कानटोपी काढली, दोन्ही हातांनी नीट कानांवर ओढली आणि टाचा जुळवल्या. फलाटावर सार्जंटांची एकच धांदल उडाली. कोपरातलं हेल्मेट सुटेना. ते एकदाचं डोक्यावर चढलं, पट्टा तसाच लोंबत राहिला, आणि हात वर गेला. तळवा 45 अंशांत, मुद्दाम जरा जास्तच वाकडा.