तोडशाचं ताट आणि माझी साक्ष

सप्टेंबर २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, तोडसा इथल्या शासकीय आश्रमशाळेत कृत्रिम बुद्धिमत्तेवर (एआय) चालणारं एक यंत्र बसलं. मुलगी वाढलेलं ताट घेऊन समोर येते, यंत्र तिचा आणि ताटाचा फोटो घेतं आणि माणसाचा हात न लागता काही सेकंदांत जेवणाचा दर्जा सांगतं. शाळेतल्या २२२ मुलींपैकी ६१ कुपोषित आढळल्या होत्या, त्यांच्यासाठी ही सगळी धडपड. हेतू चांगला होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आश्रमशाळेतल्या पोरींच्या ताटाकडे रोज कुणाचं तरी लक्ष असावं, असं वाटणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

पण ‘एआयमुळे कुपोषण हटणार’ असं कुणी म्हणू लागलं की मला स्वतःचीच झाडाझडती घ्यावीशी वाटते. आकडेवारी हे माझं पोटापाण्याचं काम. एक मन म्हणतं, बरं झालं, गडचिरोलीचं नाव नक्षलवाद सोडून दुसऱ्या कशासाठी तरी निघालं. दुसरं विचारतं, यातलं तुला खात्रीने काय ठाऊक आहे?

खात्रीने ठाऊक आहे ते थोडंच. भात, वरण, भाजी फोटोवरून ओळखायला यंत्राला शिकवता येतं. आधी दाखवलेल्या फोटोंशी ताडून ते अंदाज बांधतं, त्याला आपण बुद्धी म्हणतो. वाटीतल्या वरणात डाळ किती आणि पाणी किती, हे वरून घेतलेल्या फोटोत कळणं अवघड. ताटातलं पोटात किती गेलं, हे त्याहून अवघड. आणि मलेरियाने खंगलेल्या किंवा सिकलसेल घेऊन जन्मलेल्या मुलीचं वजन का वाढत नाही, याचं उत्तर ताटात नसतंच.

समजा, वर्षभराने मुलींची वजनं वाढली. श्रेय कुणाचं? रोज तपासणी होते म्हटल्यावर वरण आपसूक दाट होतं. सुट्टीनंतर उतरलेल्या अंगाने परतलेली मुलगी शाळेत चार महिने जेवली की सावरते. शिवाय सर्वांत कमी वजनाच्या मुली निवडून पुन्हा मोजल्या, तर काहींचा आकडा काहीही न करता थोडा वर सरकतो. यातलं यंत्राचं किती, हे सांगायला यंत्र नसलेली, बाकी सगळं तसंच असलेली दुसरी आश्रमशाळा शेजारी मोजावी लागते.

हे अशक्य आहे, असं गडचिरोलीत तरी कुणी म्हणू नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने याच जिल्ह्यात ३९ गावांमध्ये नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली आणि ४७ गावं तुलनेसाठी तशीच मोजली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, तो या तुलनेच्या बळावर. त्याच संस्थेने वाचता न येणाऱ्या दाईसाठी श्वास मोजण्याचं साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजायचा. निर्णय कसा झाला हे दाईला दिसतं, बाळाच्या आईलाही दिसतं. चुकला तर तो कुठे चुकला, हेही दोघींना शोधता येतं.

मग मला ते कॅमेऱ्याचं यंत्र का भुरळ घालतं? मन खरवडून पाहिलं तर उत्तर फारसं सुखाचं नाही. ‘माणसाचा हात न लागता’ हे शब्द मला निर्धास्त करतात. आकडा यंत्राने दिला की स्वयंपाकीण, मुख्याध्यापक, पुरवठादार, अधिकारी आणि तो आकडा तक्त्यात मांडणारा मी, कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही. २००१ सालच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिलं होतं की महाराष्ट्रातले कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत आलेच नव्हते. त्या नोंदींवर शिकवलेलं कोणतंही यंत्र मुलं सुखरूप आहेत असंच सांगेल, आणि तेही दशांश चिन्हासकट. नोंद करणाऱ्या माणसाने डोळे मिटले, तर यंत्राचे डोळे उघडे असून उपयोग नाही.

पण माझ्या शंकेचीही झडती घ्यायला हवी. शहरात बसून ‘हा सगळा गाजावाजा आहे’ म्हणायला काही लागत नाही. तसं म्हटलं की हुशार दिसता येतं आणि हात झटकून मोकळंही होता येतं. त्या ६१ मुलींपैकी एकीच्याही ताटात माझ्या शंकेने घासभर भर पडत नाही. निदान ज्यांनी यंत्र आणलं, त्यांनी ताटाकडे पाहिलं तरी. विश्वास ठेवणारा आणि शंका घेणारा, दोघेही मोजायचे कष्ट चुकवत असतील तर दोघांत फरक तो काय?

दावा करणाऱ्याने तुलना दाखवावी, ही माझी मागणी मी सोडणार नाही. पण ती तुलना उभी करायला वजनकाटा, नोंदवही आणि वर्षभर धीर धरणारी माणसं लागतात. वहीतले आकडे ताडून पाहणं हे माझ्या हातचं काम आहे. ते माझ्याकडून झालं, तरच यंत्रावर बोट ठेवण्याचा अधिकार मला राहील.