पाय टेकू दे

पांडुरंगा, अजून झोप आली नाही. खोलीतल्या दोघी झोपल्यात, पंखा फिरतोय, आणि मी भिंतीला पाठ लावून तुझ्याशी बोलतेय. मागायचं आहेच. पण आधी सांगायचंय.

एवढं ऐक.

एका रविवारी क्लासच्या टेस्टला बसले होते. १८० प्रश्न, १८० मिनिटं. एकेचाळिसाव्या प्रश्नाला छाती धडधडायला लागली. मग घसा आवळला, हातांना मुंग्या आल्या, बोटं आखडून वाकडी झाली आणि पेन सुटून बाकाखाली गेलं. मला वाटलं, मी मरतेय. विठ्ठला, खरंच वाटलं की सोळाव्या वर्षी, पेपर अर्धवट टाकून मी मरतेय आणि शेजारची मुलगी खाली मान घालून गोल काळे करतेय.

तुझं नावसुद्धा तोंडात आलं नाही. माफ कर.

दवाखान्यात छातीला गार जेल लावून ईसीजी काढला. नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नकोस. घरी आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. तिच्यावर माझा राग नाही, तिच्या हाती जे होतं ते तिनं केलं. पण ते 'काही नाही' घेऊन मी लातूरला परत आले आणि पुढचे चार महिने त्यालाच घाबरत राहिले. पुन्हा होईल या धास्तीनंच ते पुन्हा व्हायचं. क्लासच्या जिन्यात, मेसच्या रांगेत, एसटीत. मी जिना टाळला, मेस टाळली, मग घरी जाणंही टाळलं. बाबांना फोनवर म्हणायची, अभ्यास जोरात चाललाय. सोयाबीन विकून त्यांनी फी भरली होती आणि मी त्यांच्याशी खोटं बोलत होते. तुझ्याकडे रोज एकच मागत होते, हे कुणाला कळू देऊ नकोस.

ते मागणं तू ऐकलं नाहीस. माउली, किती बरं झालं ऐकलं नाहीस.

रात्री दीड वाजता मैत्रिणीनं मला बाथरूमच्या फरशीवर बसलेलं पाहिलं आणि १४४१६ लावला. टेलि-मानस, सरकारी नंबर, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. पलीकडून एक बाई मराठीत बोलल्या. नाव नाही सांगितलंस तरी चालेल, म्हणाल्या. मग विचारलं, "बाळा, पाय कुठे टेकलेत तुझे?" मी बघितलं. फरशीवर. "गार लागतेय का फरशी?" हो. "मग दोन्ही पाय पूर्ण टेकव. आणि श्वास सोडायला वेळ घे, घ्यायला लागतो त्यापेक्षा जास्त."

तेव्हा तू आठवलास. सातवीत होते, आजीनं पंढरपूरला माझी मान हळूच दाबून कपाळ तुझ्या पायांवर टेकवलं होतं. मागून रेटा चालू, कुणीतरी "चला चला" म्हणतंय, आणि कपाळाला तो गार दगड. क्षणभरच. तोच गारवा त्या रात्री तळपायाला लागला.

त्या आवाजासाठी मी तुझी ऋणी आहे. नंबर लावणाऱ्या बोटांसाठी ऋणी आहे. आणि मग दवाखान्यात भेटलेल्या समुपदेशक ताईंसाठी, ज्यांनी केसपेपरच्या मागे फुप्फुसं काढून दाखवली. घाबरून भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, म्हणून बोटांना मुंग्या येतात. लाट दहाएक मिनिटांत चढते आणि मग उतरते. श्वसनाचा धडा मला पाठ आहे, विठ्ठला. माझ्याच छातीत काय चाललंय ते मात्र मला वाचता आलं नव्हतं.

ताईंनी सांगितलंय, आता क्लासच्या त्या जिन्यात जाऊन उभं राहायचं. पळायचं नाही. भीती दहापैकी किती, ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी नऊ होती. मधे एकदा पुन्हा आठ झाली, त्या दिवशी मी खूप रडले. काल चार.

मला शून्य नको. चार असताना उभं राहता येऊ दे. पाय टेकू दे.

आणि आता ज्याच्यासाठी जागी आहे ते.

मी अठराची नाही, म्हणून उपचारांसाठी घरचं माणूस लागेल असं दवाखान्यात सांगितलं. बाबा पहिल्या एसटीनं आले. टोपी काढून मांडीवर ठेवून बाकावर बसले. मी सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. मला वाटलं, फीचं बोलतील. ते बराच वेळ टोपीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "मलाबी असंच व्हायचं बघ. किल्लारीनंतर."

आमच्याकडे त्या भूकंपाची तारीख पोरासोरांना पाठ असते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गावं झोपलेली, दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद. हजारो माणसं त्या मातीखाली गेली. बाबा तेरा वर्षांचे होते. "रस्त्यानं ट्रक गेला तरी छाती धडधडायची. हात गार पडायचे. दोन-तीन वर्षं. कुणाला सांगावं? ज्याच्या त्याच्या घरातलं माणूस गेलेलं."

बाबा अजून दाराशी बाज टाकून झोपतात. थंडीतही. मी आजवर समजत होते, त्यांना आत उकडतं.

पांडुरंगा, त्या तेरा वर्षांच्या मुलाला कुणी विचारलं नाही, पाय कुठे टेकलेत तुझे. त्याच्या पायाखालची जमीनच हलली होती. त्याचा हात धर. इतक्या वर्षांनी का होईना, धर. आणि आज रात्री ज्या ज्या खोलीत कुणी पोर तोंडावर उशी दाबून श्वास मोजतंय, तिथे कुणाला तरी जागं कर. दार वाजवायला लाव.

ताईंनी बाबांना विचारलं, "दादा, तुम्ही पण बोलाल का एकदा?" ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. त्यांच्या नावाचा केसपेपर घडी करून वरच्या खिशात ठेवला, एवढं मी पाहिलं.

बुधवारी ओपीडी आहे. रांग लांब असते, बाक कमी आहेत. त्यांच्या मागे उभा राहा. नंबर यायच्या आत ते उठून दाराकडे निघाले, तर कमरेवरचा एक हात काढ आणि त्यांच्या खांद्यावर ठेव.