अर्जातली ओळख

नोकरीच्या अर्जात उमेदवार काय करू शकतो हे कळायला हवे. सोलापुरातल्या अनेक तरुणांचा बायोडेटा मात्र लग्नाच्या स्थळासारखा असतो: जन्मतारीख, उंची, वडिलांचा व्यवसाय आणि शेवटी ‘मी कष्टाळू व प्रामाणिक आहे’. असे तर सगळेच लिहितात! 1877 मध्ये पहिली कापड गिरणी निघालेल्या या शहरात, यंत्रमागावर वाढलेला मुलगा तुटलेला धागा चटकन जोडतो, टॉवेलमधला दोष नजरेने हेरतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदाराला नेमके हेच हवे असते. पण ‘ते घरचंच काम’ म्हणून अर्जात येत नाही. तेलुगू, कन्नड बोलता येते, हेही राहून जाते. कोणत्या मागावर, किती वर्षे, काय काम केले, हे अर्जात सर्वांत वर लिहावे.