त्रैराशिक मांडून भरती होत नाही

"सर, माझे सोळाशे ५ मिनिटं ९ सेकंदांत बसतात," असं काल सगळ्या पोरांसमोर छातीठोकपणे सांगितलंस. कधी धावलास? वेळ कुणी घेतली? तू धावलास ते पंधराशे, ४ मिनिटं ५० सेकंदांत. पुढचे शंभर मीटर तू वहीत पळालास. पंधराशेला २९० सेकंद, तर सोळाशेला किती? ३०९.३. गणिताच्या पेपरात हे बरोबर धरतील. पोलीस भरतीत पैकीच्या पैकी वीस गुण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंदांत रेषा ओलांडावी लागते, आणि तुझ्या हिशेबात अंतर वाढलं तरी वेग तसूभरही उतरत नाही. कुणाचा उतरत नाही रे?

हिशाम एल गेरूज हे नाव ऐकलंयस? मोरोक्कोचा. १९९८ मध्ये रोमला त्यानं पंधराशे ३:२६.०० ला मारले आणि पुढच्या वर्षी त्याच शहरात मैल ३:४३.१३ ला. दोन्ही विश्वविक्रम अजून कुणाला मोडता आलेले नाहीत. तुझं त्रैराशिक लावलं तर त्याचा मैल ३:४१ ला संपायला हवा होता. दोन सेकंद जास्त लागले. ऐन भरातल्या त्या माणसाचाही वेग लांब अंतराला थोडा उतरला, आणि तुझा उतरणार नाही?

आणि सोळाशेला मैल म्हणू नकोस. मैल ९.३४ मीटरनं मोठा आहे. तुझ्या वेगानं ते जवळजवळ दोन सेकंद होतात.

अंदाजच करायचा तर धड कर. पीटर रीगेलचं सूत्र आहे: अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घ्यायचा आणि त्यानं वेळेला गुणायचं. तुझे सोळाशे येतात ५:१०.५ ला. अर्ध्या सेकंदानं वीस गुण हुकले! तेही सूत्र ढोबळच. चिखलाचं मैदान, वारा, तुझा कच्चा दम त्याला ठाऊक नाही.

चुकीच्या गुणाकाराचा मला राग नाही. त्या आकड्यावर विसंबून तू या आठवड्यात चारशेचे रिपीट बुडवलेस, त्याचा आहे. घरचे तुझ्या भरतीकडे डोळे लावून बसलेत आणि तू आत्ताच पास होऊन बसलायस.

उद्या सकाळी सहाला ये. सोळाशे, चार फेऱ्या, सलग. प्रत्येक फेरी ७७ सेकंदांची. पहिली ७२ मध्ये काढून मिरवलास तर तिथंच थांबवीन आणि अर्ध्या तासानं परत पहिल्यापासून धावायला लावीन.