गोत्र विचारणारा

शनिवारी दुपारी मुक्ता आली ती सरळ स्वयंपाकघरात. मी वाटाणे सोलत होते.

"मावशी, मी मुलाखतीत खोटं बोलले."

तिला नववा आठवडा लागलाय हे घरात आम्हा तिघांनाच माहीत होतं. पहिल्या फेरीत तिला विचारलं, पुढच्या दोन वर्षांत मुलाबाळांचा काही विचार? ती म्हणाली, सध्या तरी नाही. शेवटची फेरी सोमवारी होती.

"असलं विचारायलाच नको," मी म्हटलं.

"पण विचारलं. खरं सांगितलं तर नोकरी गेली. सांगत नाही म्हटलं तरी गेलीच, कारण गप्प बसणारी बाई काहीतरी लपवतेय असंच धरून चालतात. मग खोट्याशिवाय माझ्यापुढे ठेवलं काय होतं?"

माझ्या तोंडी सत्यकाम जाबालाचं नाव आलं. लहानपणी ही गोष्ट तिला मीच सांगितली होती. छांदोग्य उपनिषदातला हा मुलगा शिकायला हारिद्रुमत गौतमाकडे जातो. गौतम गोत्र विचारतो. मुलगा आईचे शब्द जसेच्या तसे सांगतो: मी दारोदार कामं करत होते, तेव्हा तू झालास, तुझं गोत्र मला ठाऊक नाही. मुलाखतीतला याहून अवघड प्रश्न मला तरी आठवत नाही. आणि गौतम त्याला समिधा आणायला सांगतो, शिष्य करून घेतो.

"आणि कर्ण?" मुक्ता म्हणाली. "परशुरामाला त्यानं ब्राह्मण असल्याचं सांगितलं, कारण एरवी विद्या मिळणारच नव्हती. सत्यकाम खरा, कर्ण खोटा, एवढंच आपण शिकतो. समोर कोण बसलं होतं ते बघतच नाही. गौतम भेटला नसता तर सत्यकामही आईचं नाव सांगून हात हलवत घरी आला असता. आणि गौतमानं तरी काय केलं? एवढं खरं ब्राह्मणाशिवाय कोण बोलणार, म्हणून त्याला घेतलं. गोत्राचा प्रश्न होता तिथेच राहिला. पुढच्या मुलालाही तो विचारलाच असणार."

इतकी वर्षं ही गोष्ट सांगून हे मला सुचलं नव्हतं.

मी तिला नीरा माथुर खटल्याबद्दल सांगितलं. आयुर्विमा महामंडळानं नोकरीत घेताना त्यांच्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता. शेवटची पाळी कधी आली, गरोदर आहात का, असले रकाने त्यात होते. खोटी माहिती दिली म्हणून प्रोबेशनमध्येच त्यांना काढलं. 1991 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि ते रकानेच फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं.

"म्हणजे मी सुटले."

"कोर्टात. माझ्याकडून अजून नाही." मी परात बाजूला केली. "विचारणाऱ्याचंही बघ. 2017 पासून बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांची 26 झाली. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी विम्याच्या योजनेत नसलेल्या बाईचा तो सगळा पगार मालकानं द्यायचा. बाळ सगळ्या समाजाचं म्हणायचं आणि बिल एकाच्या दारात ठेवायचं, म्हणून तो दारातच चौकशी करतो. ते बाजूला ठेव. तुझी टीम सहाजणांची. तू रजेवर गेलीस की उरलेले पाचजण तुझं काम ओढणार. ते काही तुला गोत्र विचारायला आले नव्हते."

मुक्ता विचारात पडली.

"त्यांना मी सांगणारच. त्यांना कळायलाच हवं. पण निवड झाल्यावर. कामाची वाटणी करायला ही माहिती लागते, आणि मला गाळायलाही हीच पुरते. मुलाखतीच्या खोलीत ती गाळायलाच वापरतात."

"कशावरून?" मी विचारलं खरं, पण शब्द तोंडातून निघताच कळलं की याचं उत्तर तिच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे.

बँकेत मी अकरा वर्षं निवड समितीवर बसले. हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे, आणि अगदी आपुलकीच्या सुरात. एका मुलीनं सांगून टाकलं, पाचवा महिना आहे. मी तिचं अभिनंदन केलं, तिला पाणी दिलं. ती दाराबाहेर गेल्यावर कागदावर शेरा लिहिला: स्थैर्याबाबत शंका. तिचं नाव आज आठवत नाही.

हे मी मुक्ताला सांगितलं.

"तिचं खरं बोलणं आवडलं होतं तुला?"

"फार."

ती शेंगा सोलायला लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "नेमणूकपत्र आलं की सही करायच्या आधी सांगते. मागे घेतलं तर कशासाठी घेतलं ते तरी उघड होईल."

"उघड होईल आणि नोकरीही जाईल. माझं ऐक. रुजू हो, मग सांग. 80 दिवस काम भरलं की रजेचा हक्क लागतो."

"आणि ते पाचजण?"

मी गप्प बसले. थोड्या वेळापूर्वी मीच तिला सत्यकामाची गोष्ट ऐकवत होते.

"सोमवारी पुन्हा विचारलं तर?"

"पुन्हा खोटं नाही बोलायचं मला. विचार तू. तेव्हा विचारायचीस तसंच."

मी हात पुसले, ताठ बसले आणि विचारलं. आवाज जुनाच निघाला, मऊ.

"मॅडम," ती म्हणाली, "कोणी लांब रजेवर गेलं तर त्याचं काम इथे कसं वाटून घेता, ते सांगाल? त्यात मी माझं काम कसं बसवीन ते मी सांगते."

उत्तर चांगलं होतं. आवाज कापला नव्हता.

"बरोबर आहे?" तिनं विचारलं. "खरं सांग हं."

"मी असते तर ओळखलं असतं. आणि तेच दोन शब्द लिहिले असते."

"असू दे," मुक्ता म्हणाली आणि परात स्वतःकडे ओढून घेतली. "पुन्हा विचार."